फ्लूची लस दरवर्षी का?

(द्वितीय वर्ष बी. ए., मराठी)

आपल्या लोकांनी रोगांना मोठी बोलकी नावे दिली आहेत. त्यांपैकी 'मानमोडी' हे नाव आज फारसे कोणी उच्चारत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी ते नुसते कानांवर पडले तरी खेड्यापाड्यांतील माणसांच्या अंगावर काटा येत असे. मान मोडणारी ती मानमोडी. १९१८ साली आलेल्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला महाराष्ट्रातील लोकांनी दिलेले हे नाव होय. 'इन्फ्लुएन्झा' हा शब्द मूळचा इटालियन भाषेतील असून त्याचा अर्थ 'प्रभाव' असा आहे. आकाशातील ग्रहताऱ्यांच्या प्रभावामुळे हा ताप येतो, अशी जुन्या काळी युरोपातील लोकांची समजूत होती. दुखण्याचे खापर ग्रहांच्या माथी फोडण्यात आपणच तेवढे पुढे नाही, हे यावरून दिसते! पुढे 'इन्फ्लुएन्झा'चा 'फ्लू' झाला. नाव लहान झाले आणि त्याबरोबर त्या रोगाची भीतीही लहान झाली. 'काही नाही, जरा फ्लू आहे,' असे म्हणून आपण कामाला लागतो.

ही भीती इतकी लहान होणे योग्य आहे काय, आणि या रोगावर दरवर्षी लस घ्यावी असे डॉक्टर का सांगतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

माझ्यापुढे हा प्रश्न प्रथम माझ्या आजीने उभा केला. तिला मधुमेह आहे आणि पावसाळ्यात दमाही उचल खातो. गेल्या पावसाळ्यात फ्लू होऊन ती नऊ दिवस दवाखान्यात होती. घरी सोडताना डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिले, 'फ्लूची लस, दरवर्षी.' आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे दवाखान्याचा असो वा तलाठ्याचा असो, कोणताही कागद आला की तो माझ्याकडे येतो. मी वाचून दाखविले, तेव्हा आजीने दंडावरचा देवीचा व्रण दाखवीत विचारले, 'ही लहानपणी टोचली ती जन्माला पुरली. मग हिलाच वर्षाच्या वर्षाला पैसे का मोजायचे?' प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी ग्रंथालयातील पुस्तके चाळली, आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारले. त्यातून जे समजले ते आपणापुढे ठेवीत आहे.

साधे पडसे नव्हे

पडसे आणि फ्लू यांची आपण नेहमी गल्लत करतो. पडसे हळूहळू येते. नाक वाहते, शिंका येतात, चार-सहा दिवसांत माणूस मोकळा होतो. फ्लूचे तसे नाही. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी अंथरुणावर पडतो. एकाएकी कडक ताप, अंग मोडून येणे, डोके ठणकणे, कोरडा खोकला आणि विलक्षण थकवा, ही त्याची लक्षणे. तरुण व निरोगी माणूस बहुधा आठवडाभरात उठतो. खोकला व अशक्तपणा मात्र दोन आठवड्यांहूनही अधिक काळ रेंगाळतो. परंतु म्हातारी माणसे, लहान मुले, गरोदर स्त्रिया, तसेच दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले रुग्ण यांच्या बाबतीत हाच फ्लू फुप्फुसांत उतरतो आणि न्यूमोनिया होतो. कधी हृदयावरही ताण येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी जगात सुमारे १०० कोटी लोकांना फ्लू होतो, ३० ते ५० लाख लोकांना तो गंभीर स्वरूपात होतो, आणि २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार लोक त्यातून उद्भवलेल्या श्वसनविकारांनी मृत्यू पावतात. ही काही महासाथीची आकडेवारी नव्हे. साध्यासुध्या वर्षाची आहे.

मानमोडीची साथ

महासाथ कशी असते हे पाहावयाचे तर १९१८ सालाकडे वळले पाहिजे. पहिले महायुद्ध संपत आले होते. त्या वर्षी जून महिन्यात मुंबई बंदरातून हा रोग शहरात शिरला. गोदीवर पहारा करणारे पोलीस शिपाई आजारी पडलेल्या पहिल्या लोकांपैकी होते. आगगाडीच्या रुळांबरोबर रोग देशभर पसरला. पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलेल्या दुसऱ्या लाटेने मात्र कहर केला. त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिल्यामुळे धान्य महागले होते. अर्धपोटी माणसे तापाला कशी तोंड देणार? हिंदुस्थानात या साथीने नेमके किती बळी घेतले याचे अंदाज एक कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकात आपल्या देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, ती मुख्यतः यामुळेच. हिंदीचे थोर कवी निराला यांची पत्नी आणि घरातील अनेक माणसे याच साथीत गेली.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुंबईत त्या साथीत युरोपियन लोकांचा मृत्युदर हजारी ८ च्या आसपास होता. तर ज्यांना खालच्या जातींचे म्हणून दूर ठेवले होते, त्यांचा हजारी ६० हून अधिक होता. विषाणू जात पाहत नाही, हे खरे. परंतु दाटीवाटीची खोली, अपुरे अन्न आणि विश्रांती घेण्याची ऐपत नसणे, या गोष्टी जात व वर्ग पाहूनच वाट्याला येतात.

त्या वेळी या रोगावर काहीच उपाय हाती नव्हता, कारण शत्रू कोण हेच ठाऊक नव्हते. रोग एका जिवाणूमुळे होतो असे अनेक शास्त्रज्ञ मानीत होते. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांवर प्रयोग करून माणसाला होणाऱ्या फ्लूचा विषाणू प्रथम वेगळा केला. शत्रू सापडल्यावर लस फार दूर नव्हती. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकन सैनिकांना फ्लूची लस टोचण्यात येऊ लागली. पण थोड्याच वर्षांत एक विचित्र अनुभव आला. १९४७ साली तीच लस जवळजवळ निरुपयोगी ठरली. लस बिघडली नव्हती. विषाणू बदलला होता.

पोथीतील पाठभेद

हा बदल कसा होतो, हे समजण्यासाठी आपल्या मराठीच्याच अभ्यासक्रमातील एक गोष्ट उपयोगी पडते. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने नकलून घेत असत. नकलणाऱ्याच्या हातून कुठे काना सुटे, कुठे शब्द बदले. त्या प्रतीवरून दुसरा नक्कल करी, तो पहिल्याच्या चुका तशाच उतरवी आणि वर आपल्या चार घाली. असे होता होता ज्ञानेश्वरीत इतके पाठभेद शिरले, की तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथ महाराजांना निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली.

विषाणूचेही असेच आहे. तो आपल्या घशातील आणि फुप्फुसांतील पेशींत शिरतो आणि तेथे स्वतःच्या असंख्य नकला काढतो. देवीच्या विषाणूची नक्कल पुष्कळशी नेटकी होत असे. त्यामुळे त्याचे रूप पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी तेच राहिले. लसही तीच चालली आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर करता आले. फ्लूच्या विषाणूची पोथी मात्र 'आरएनए' या द्रव्यावर लिहिलेली असते आणि तिची नक्कल करणारी यंत्रणा चुका तपासून पाहत नाही. त्याच्याकडे एकनाथ नाहीत! प्रत्येक नकलेत काही ना काही पाठभेद होतोच. बहुतेक पाठभेद निरर्थक ठरतात. पण एखादा असा होतो की त्यामुळे विषाणूचा चेहरामोहराच थोडा पालटतो.

हा चेहरा म्हणजे काय? विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रकारचे काटे असतात. हीमॅग्लुटिनिन या काट्याने तो आपल्या पेशीला चिकटतो, आणि न्यूरामिनिडेज या दुसऱ्याच्या साह्याने त्याच्या नव्या नकला पेशीपासून सुटून बाहेर पडतात. एच१एन१, एच३एन२ अशी जी नावे आपण वर्तमानपत्रांत वाचतो, त्यांतील 'एच' आणि 'एन' म्हणजे हेच दोन काटे. आपले शरीर एकदा आजारी पडल्यावर किंवा लस घेतल्यावर या काट्यांना ओळखणारी प्रतिपिंडे तयार करते. गावात चोरी करून गेलेल्याचा चेहरा पहारेकऱ्याने लक्षात ठेवावा, तसे हे आहे. पण पुढच्या वर्षी तोच चोर दाढी वाढवून, पागोटे बदलून आला तर? पहारेकरी गोंधळतो. शिवाय लसीने आलेली प्रतिपिंडेही काही महिन्यांनी ओसरू लागतात. म्हणजे चोराने वेष बदललेला आणि पहारेकऱ्याचा डोळा लागलेला, अशी दुहेरी अडचण होते. आजीच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. देवीची लस एकाच स्थिर चेहऱ्यासाठी होती. फ्लूच्या लसीला दरवर्षी नवा चेहरा शिकवावा लागतो.

पानांची सरमिसळ

याहून मोठा बदलही कधी कधी घडतो. फ्लूच्या विषाणूची पोथी आठ सुट्या तुकड्यांची असते. 'अ' प्रकारचा विषाणू माणसांप्रमाणेच पक्ष्यांत आणि डुकरांतही राहतो. एकाच प्राण्याच्या शरीरात दोन निरनिराळे विषाणू एकाच वेळी शिरले, तर दोन सुट्या पोथ्यांची पाने एकमेकांत मिसळावीत तशी त्यांची सरमिसळ होते आणि अगदीच अनोळखी विषाणू जन्मतो. त्याला ओळखणारे कोणीच नसल्यामुळे तो जगभर फिरतो. १९५७, १९६८ आणि २००९ या वर्षांच्या महासाथी अशा सरमिसळीतून आल्या.

यांपैकी २००९ ची साथ महाराष्ट्राला विसरता येणार नाही. 'स्वाइन फ्लू' या नावाने ती ओळखली गेली. भारतातील तिचा पहिला बळी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात गेला, एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शाळा-महाविद्यालये बंद झाली. रुमाल आणि मास्क बांधून लोक तपासणीसाठी रांगा लावू लागले. पुण्यातच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. १९५२ साली स्थापन झालेली ही संस्था त्या साथीत नमुने तपासण्याच्या कामी देशाचा मोठा आधार ठरली. पुढे २०१० साली पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारण्याची लस बाजारात आणली. ती महासाथ ओसरली, पण तो विषाणू गेला नाही. आज तो हंगामी फ्लूचा एक नेहमीचा विषाणू झाला आहे.

लस कशी ठरते

मग पुढच्या वर्षी विषाणू कोणता चेहरा घेऊन येईल, हे ओळखायचे कसे? येथे ग्रहताऱ्यांचा उपयोग नाही. वर्षभर पाळत ठेवावी लागते. १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने देशोदेशींच्या प्रयोगशाळा रुग्णांच्या घशातील व नाकातील नमुने तपासतात आणि बदलत्या विषाणूंची नोंद ठेवतात. त्या नोंदी पाहून तज्ज्ञ वर्षातून दोनदा बसतात. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या पुढील हंगामासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी लसीत कोणते विषाणू घ्यावयाचे हे ठरते. त्यानंतर बहुतेक कारखान्यांत कोंबडीच्या गर्भधारित अंड्यांत हे विषाणू वाढवितात, निष्क्रिय करतात, शुद्ध करतात आणि त्यांची लस बनवितात. या साऱ्याला सुमारे सहा महिने लागतात. पूर्वी चार विषाणूंची लस मिळत असे. परंतु त्यांपैकी 'ब' प्रकारातील यामागाता हा वंश मार्च २०२० नंतर जगात कुठे निश्चितपणे आढळलेला नाही. म्हणून आता तीनच विषाणूंची लस पुरे, असे तज्ज्ञांनी सुचविले आहे.

उपयोग किती, धोका किती

लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही, असे मात्र कोणी सांगत नाही. लसीतील आणि साथीतील विषाणू चांगले जुळले, तर फ्लूमुळे डॉक्टरकडे जावे लागण्याचा धोका सुमारे ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. वृद्धांत हा लाभ काहीसा कमी असतो. 'मग अर्धवट उपयोगासाठी सुई कशाला टोचून घ्यायची?' असे कोणी विचारील. आपण मृगाच्या पावसात छत्री घेऊन निघतो. पाय भिजतात, धोतराचा सोगा किंवा साडीचा काठ भिजतो. तरी छत्री घरी ठेवून कोणी निघत नाही, कारण डोके कोरडे राहते. फ्लूच्या लसीचे तसेच आहे. लस घेऊनही फ्लू झाला, तरी तो बहुधा कमी त्रासाचा असतो आणि दवाखान्यात दाखल होण्याची पाळी कमी वेळा येते.

'लस घेतली आणि फ्लूच झाला,' हे वाक्य पुष्कळदा ऐकू येते. दंडावर टोचण्याच्या नेहमीच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. तिच्यामुळे फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखणे, एखाद-दोन दिवस कणकण वाटणे एवढेच बहुधा होते. शिवाय लसीचा परिणाम दिसण्यास सुमारे दोन आठवडे लागतात; तेवढ्या काळात फ्लू गाठू शकतो. ज्यांना पूर्वी या लसीची गंभीर अ‍ॅलर्जी आली असेल, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज ती घेऊ नये. कोविडची लस घेतली म्हणून ही नको, असेही समजू नये. ते विषाणू निराळे आणि लसीही निराळ्या.

कोणी आणि केव्हा

महाराष्ट्रात फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो आणि हिवाळ्याच्या अखेरीस तो पुन्हा डोके वर काढतो. काश्मीरमध्ये मात्र तो थंडीत वाढतो. म्हणून आपल्याकडे लस घ्यावयाची ती पाऊस सुरू होण्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत. आणि घेताना ती सर्वांत अलीकडची आहे ना, हे विचारून घ्यावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ही लस देत नाहीत. पण आईने गरोदरपणी ती घेतली असेल तर तिचे संरक्षण बाळालाही पहिले काही महिने मिळते. लहान मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात.

आता पैशाचा प्रश्न. ही लस बालकांच्या नेहमीच्या मोफत लसीकरणात नाही. खाजगी दवाखान्यात ती घ्यायची तर हजारावर रुपये मोडतात. हातावर पोट असलेल्या घराला ही रक्कम लहान नाही. माझे वडील बाजार समितीच्या यार्डात हमाली करतात, आई शेतमजुरीला जाते. एक दिवस अंथरुणावर पडले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून आमच्याकडे ताप अंगावर काढण्याचीच रीत आहे. आजीच्या नऊ दिवसांच्या आजारपणात आईची बोरमाळ सोनाराकडे गहाण पडली. तो खर्च आणि घरातील दोघांचा बुडालेला रोज यांची बेरीज केली, तर तेवढ्या रकमेत आजीला कितीतरी वर्षे लस देता आली असती. हा हिशेब भावनेचा नाही, बेरीज-वजाबाकीचा आहे. सर्वांना घेणे परवडत नसेल, तर घरात आधी कोणाला, हे तरी ठरवता येते. घरातील वृद्ध, दमेकरी, मधुमेही आणि गरोदर सून यांचा क्रम पहिला. आपल्या राज्यात गरोदर स्त्रिया, मधुमेहाचे व रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना शासकीय रुग्णालयांतून ही लस मोफत देण्याचे उपक्रम झालेले आहेत. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी सरकारी दवाखान्यात चौकशी अवश्य करावी. आणि जी लस गरिबाच्या म्हाताऱ्या आईला सर्वांत जास्त हवी, ती तिला मोफत मिळावी, अशी मागणी करण्यातही काही गैर नाही. १९१८ सालचे हजारी ८ आणि हजारी ६० हे आकडे आपण विसरता कामा नये.

आपण काय करावे?

मित्रमैत्रिणींनो, 'आपण तरुण आहोत, आपल्याला काय होणार?' असे आपणास वाटणे साहजिक आहे. पण लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून माणूस फ्लू पसरवू लागतो, आणि पुढे पाच-सात दिवस पसरवितो. वसतिगृहाच्या एका खोलीत आपण चौघे-चौघे राहतो. शनिवारी खच्चून भरलेल्या एस. टी.ने गावी जातो आणि पहिल्यांदा आजीच्या नाहीतर आजोबांच्या शेजारी जाऊन बसतो. आपल्याला जो ताप दोन दिवसांचा, तो त्यांना जड जाऊ शकतो. तेव्हा ताप असेल त्या शनिवारी घरी न जाणे, हीही मायाच आहे. खोकताना तोंडापुढे रुमाल धरणे, हात साबणाने धुणे, ताप असताना गर्दीत न मिसळणे, या गोष्टींना एक पैसाही लागत नाही. डॉक्टरांना न विचारता अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नयेत. विषाणूवर त्यांचा उपयोग होत नाही. धाप लागली, छातीत दुखू लागले, ओठ निळसर पडले किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

प्राध्यापकांना एक नम्र विनंती करावीशी वाटते. पंचाहत्तर टक्के हजेरी भरावी म्हणून तापाने फणफणलेला विद्यार्थी वर्गात येऊन बसतो, आणि आठवड्याने निम्मा वर्ग रिकामा होतो. अशा वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीन-चार दिवसांची सवलत मिळाली, तर ती त्या एकावर नव्हे, साऱ्या वर्गावर उपकार करील. त्याचप्रमाणे राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये दत्तक गावात घरोघर जाऊन वृद्धांची, दमेकऱ्यांची आणि गरोदर स्त्रियांची यादी करावी व ती आरोग्य केंद्राकडे द्यावी. रस्ते झाडण्याइतकेच हेही श्रमदान आहे.

सारांश, फ्लूचा विषाणू दरवर्षी नवा पाठ घेऊन येतो, म्हणून आपल्यालाही दरवर्षी नवा पाठ गिरवावा लागतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शिकलेले पहिले माणूस आपणच आहोत. केसपेपरवरची एक ओळ घरच्यांना नुसती वाचून दाखविणे पुरेसे नाही. ती समजावून सांगणे आणि पाऊस पडण्याआधी आजी-आजोबांना दवाखान्यापर्यंत घेऊन जाणे, एवढे तरी आपल्या शिक्षणाने करावे.